गुरुवारच्या स्लाइड्स

पुण्यात गुरुवार दत्ताचा आणि कोरड्या नळाचा. दुरुस्ती निघाली की ती गुरुवारीच निघते, हे आता पेपरात वाचावंही लागत नाही. बुधवारी रात्री पिंप, बादल्या, मोठा कुकर, हाताला येईल ते भरून ठेवायचं आणि शुक्रवारी सकाळी नळाला आलेलं पहिलं गढूळ पाणी झाडांना घालायचं. घरी हे मी बिनचूक करते. लॅबमध्ये केलं नाही. त्यापायी आधी एका कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर, मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या डोळ्यांवर आणि शेवटी माझ्या हातांवर संशय आला.

मी हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन, कर्वे रोडच्या आतल्या बाजूला एका छोट्या लॅबमध्ये, बावीस वर्षं. सासरच्या लोकांना अजून वाटतं मी रक्त काढते. मी रक्त काढत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ फॉर्मॅलीनच्या बाटलीतून आमच्याकडे येते, तिचे तुकडे मेणात बसवून ब्लॉक होतो, आणि तो ब्लॉक मी मायक्रोटोमवर कापते. तीन-चार मायक्रॉनचा काप, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा. ब्लॉक बर्फावर गार करायचा, चाक एका लयीत फिरवायचं, पात्यावरून मेणाची पट्टी उतरते ती ब्रशने अलगद धरून कोमट पाण्यावर सोडायची. पाण्याला टेकली की सुरकुत्या आपोआप सुटतात. मग काच तिरकी बुडवून खालून उचलायची, दुधावरची साय न फाटता उचलतात तशी. हे पुस्तक वाचून येत नाही. पंखा चालू असेल तर येत असलेलंही बिघडतं, म्हणून आमच्या खोलीत मे महिन्यातही पंखा बंद.

गेल्या वर्षी मॅडमकडे एक मुलगा आला. पीएचडी करतो, मूळचा बार्शीचा, मधे दोन वर्षं हिंजवडीत नोकरी करून आलेला. पहिल्याच दिवशी मला ‘काकू’ म्हणाला. मी तेव्हा सत्तेचाळीसची होते, मॅडम अठ्ठावन्नच्या, आणि त्या ‘मॅडम’. असो. त्याचा विषय की-६७ची मोजणी. मॅडम डोळ्यांनी मोजतात ती त्याचा प्रोग्रॅम मोजेल आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचं. त्यासाठी जुन्या, नावं काढून टाकलेल्या चौऱ्याऐंशी केसेसचे ब्लॉक कपाटातून काढले आणि नव्याने कापून रंगवायचं काम माझ्याकडे आलं.

की-६७ हे नाव कसलं, हे मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं. जर्मनीतल्या कील गावात ही अँटिबॉडी तयार झाली, १९८३ मध्ये ती छापून आली, आणि शहाण्णव खळग्यांच्या प्लेटवर तिचा नंबर होता ६७. म्हणून कील-सदुसष्ट, की-६७. जी पेशी दुभंगायच्या वाटेला लागलीय तिच्या केंद्रकात हे प्रथिन असतं, जी स्वस्थ बसलीय तिच्यात नसतं. अँटिबॉडी त्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि डॅब म्हणून एक रसायन आहे ते नेमकं तिथे तपकिरी होतं. बाकीच्या पेशी दिसाव्यात म्हणून शेवटी हिमॅटॉक्सिलिनचा निळा हात फिरवायचा. मग मोजायचं, शंभर पेशींत तपकिरी किती.

ऐकायला सोपं वाटतं, पण यावर स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुढचं बरंच ठरतं. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की, हार्मोनला प्रतिसाद देणारी, सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ असेल तर केमोचा निर्णय घेताना ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त, या दोन टोकांवरच विसंबा. मधल्या पट्ट्यात एक पॅथॉलॉजिस्ट १२ म्हणतो, दुसरा २० म्हणतो, आणि दोघंही अनुभवी असतात.

मॅडमची पद्धत जुनी आणि चोख. मायक्रोस्कोपवरून फोटो काढायचा, ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट मारायची आणि बॉलपेन घेऊन बसायचं. तपकिरीवर टिक, निळ्यावर आडवी रेघ. पाचशे पेशी झाल्याशिवाय चहा नाही. असे कागद त्यांच्या टेबलाखालच्या खोक्यात साठलेत, रद्दीवाल्याला द्यायला त्यांचा जीव होत नाही.

मुलाचं काम वेगळं. स्लाइड स्कॅनरमध्ये जाते, पूर्णच्या पूर्ण. आमच्याकडे स्कॅनर नाही, तो घेण्याची आमची ऐपत नाही. मी डबे घेऊन स्कूटरवरून दुसरीकडे पोचवायचे, पौड रोडचे खड्डे चुकवत. चाळीसपट मोठं करून स्कॅन केलं की एक ठिपका पाव मायक्रॉनचा. दीड सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा असेल तर एका बाजूला साठ हजार ठिपके, म्हणजे एकूण ३६० कोटी. फोटो न दाबता ठेवला तर एका काचेला दहा जीबीच्या पुढे. माझ्या फोनमध्ये लेकीच्या लग्नाचा सगळा अल्बम त्याहून कमी जागेत आहे.

त्याने वापरलेला प्रोग्रॅम फुकट मिळतो, क्यूपाथ नावाचा. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत पीट बँकहेड यांनी तो सुरू केला, २०१७ मध्ये त्याचा पेपर आला, आता जगभर वापरतात. एकदा दुपारी माझ्या हाताला काम नव्हतं तेव्हा मुलाने मला तो उघडून दाखवला. बटण दाबलं आणि स्क्रीनवरच्या हजारो पेशींभोवती कडी उमटली, तपकिरीभोवती लाल, निळ्याभोवती निळी. मॅडमची अख्खी दुपार जाते ते काम चहा गार व्हायच्या आत.

मी त्याला विचारलं, हा ओळखतो कसा? तर तो म्हणाला, काकू, आमटी चाखून तुम्ही सांगता ना चिंच जास्त झाली की गूळ, तसं. प्रत्येक रंग उजेडातला आपला आपला वाटा शोषतो. हिमॅटॉक्सिलिन एका प्रमाणात लाल-हिरवा-निळा उजेड खातं, डॅब वेगळ्या प्रमाणात. ही दोन प्रमाणं आधी सांगून ठेवली की प्रत्येक ठिपक्यातून पलीकडे किती उजेड आला यावरून गणित मांडता येतं, इथे हे इतकं, ते तितकं. रुइफ्रॉक आणि जॉन्स्टन या दोघांनी ही युक्ती २००१ मध्ये लिहिली. मग केंद्रकात डॅबचा वाटा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की ती पेशी तपकिरी. पोराने आमटीचं उदाहरण दिलं तिथेच मी त्याला ‘काकू’ माफ केलं.

सुरुवातीला गमती झाल्या. मॅडमनी काचेवर हिरव्या पेनाने ठिपका करून ठेवला होता, प्रोग्रॅमने त्या शाईतही पेशी शोधल्या. एका कापाला घडी पडली होती, तिथे दोन थर एकावर एक, म्हणून सगळंच गडद, सगळंच पॉझिटिव्ह. ती घडी माझी, कबूल. गाठीत शिरलेले लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्याने गाठीचेच धरले. अशा जागा मुलाने हाताने कुंपण घालून वगळल्या.

याच सुमारास मॅडमनी कबुतरांची गोष्ट सांगितली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आठ कबुतरांना स्तनाच्या बायोप्सीचे फोटो दाखवून, बरोबर टोच मारली की दाणा, असं शिकवलं. दोनेक आठवड्यांत ती साधी गाठ आणि कॅन्सर शंभरात पंच्याऐंशी वेळा बरोबर सांगायला लागली, आणि न पाहिलेल्या फोटोंवरही. मॅमोग्राममधल्या गाठी ओळखायला दिल्या तेव्हा मात्र पाहिलेले फोटो नुसते पाठ केले, नवे आले की गप्प. आमच्या सोसायटीत डक्टला जाळी लावायला माणशी साडेचारशे काढले त्याच आठवड्यात हे ऐकलं. मी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, मग जाळी कशाला, नोकरीला लाव.

सगळ्या काचा झाल्यावर मुलाने तक्ता काढला. आडवा मॅडमचा आकडा, उभा प्रोग्रॅमचा, प्रत्येक केस एक ठिपका. बहुतेक ठिपके तिरप्या रेषेला धरून. तेरा ठिपके मात्र रेषेच्या वर तरंगत होते, त्यांत प्रोग्रॅम मॅडमपेक्षा सात-आठ-दहा टक्क्यांनी जास्त सांगत होता. कमी सांगणारा एकही नाही.

मुलाचं म्हणणं, प्रोग्रॅमची तपकिरी ठरवायची रेष चुकली असेल, वर सरकवून पाहू. सरकवली तर ते तेरा खाली आले आणि बाकीचे एकाहत्तर तक्त्यातल्या तिरप्या रेषेच्या खाली गेले. मॅडमना वाटलं आपलंच वय झालं, फिकट तपकिरी सुटत असेल. त्यांनी ते तेराही परत मोजले, कागद नवे, पेन नवं. एक-दोन टक्क्यांचा फरक, बस. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. स्पष्ट कुणी काही बोललं नाही. ‘अगं, डॅब ताजंच होतं ना?’ एवढंच मॅडम म्हणाल्या.

मला लागलं ते. डॅब मी दर बॅचला ताजंच करते. पण बोलून उपयोग नाही, दाखवावं लागतं, म्हणून मी माझं रजिस्टर काढलं.

हे रजिस्टर म्हणजे दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची वही, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. तारीख, ब्लॉक नंबर, अँटिबॉडीची बाटली कधी उघडली, हिमॅटॉक्सिलिन कधी गाळलं, कोण होतं. लॅबला लागतं म्हणून नाही, मला सवय म्हणून. त्या तेरा नंबरांवर बोट ठेवत गेले. वेगवेगळे महिने, दोन वेगवेगळ्या बाटल्या, एकदा तर हिमॅटॉक्सिलिन आदल्याच दिवशी बदललेलं. काही धागा लागेना. मग समासाकडे लक्ष गेलं. तिथे माझ्याच अक्षरात, बारीक, तेराही ठिकाणी: पा. बं.

पाणी बंद.

दर गुरुवारी पाणी जातंच असं नाही, म्हणून नुसते वार पाहून हे कुणाला कळलं नसतं. आणि ‘पा. बं.’ मी का लिहीत होते तेही सांगते, दुसऱ्या दिवशी भांडी धुवायची राहिली हे लक्षात राहावं म्हणून. शास्त्रासाठी नव्हे.

आता यात पाण्याचा काय संबंध, तर सगळाच. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून काढतात. काच त्यातून बाहेर येते तेव्हा केंद्रकं निळी नसतात, तांबूस जांभळी असतात. ती निळी होतात त्यानंतरच्या धुण्यात, पाणी किंचित अल्कलीकडे झुकणारं असेल तर. याला आम्ही ब्लूइंग म्हणतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. हा त्याचाच चुलत प्रकार, फक्त इथे लालाचं निळं होतं. आमच्या नळाचं पाणी पाच मिनिटं सोडलं की काम होतं, बावीस वर्षं होत आलंय. पाणी बंद असलं की मी काय करत होते? प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा जार आहे, आरओचा, तोच ओतायचा. स्वच्छ आहे, आणखी काय हवं! पण आरओच्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात, ते थोडं आम्लाकडेच झुकतं. त्यात काच कितीही बुडवा, केंद्रक पुरतं निळं होत नाही. तांबूसपणा राहतो. आणि प्रोग्रॅमच्या गणितात निळ्यातला तो उरलेला तांबडेपणा डॅबच्या वाट्याला जातो. फिकट तपकिरी म्हणून तो ती पेशी पॉझिटिव्हमध्ये टाकतो.

मॅडमना का नाही कळलं? कारण माणसाचा डोळा शेजारच्याशी तुलना करतो. सगळीच काच जरा जांभळी असेल तर तो ते पाच सेकंदांत गृहीत धरतो आणि त्या जांभळ्यात तपकिरी कोण एवढंच बघतो. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात पांढरी साडी आपल्याला पांढरीच दिसते, तसं.

तरी मुलाला पुरावा हवा होता, आणि तो त्याने मागितला हे मला आवडलं. एकच ब्लॉक घेतला, लागोपाठचे तीन काप, तिन्हीला एकाच वेळी अँटिबॉडी, एकाच भांड्यातलं डॅब. शेवटचं धुणं वेगळं. पहिली नळाखाली. दुसरी जारच्या पाण्यात. तिसरीही आधी जारच्या पाण्यात, आणि मग घरून नेलेला खायचा सोडा चमचाभर घातलेल्या पाण्यात. सोडा पाण्यात पडला आणि काच आत गेली तेव्हा मी मुलाला हाक मारली, बघ म्हटलं. काचेवरची मळकट जांभळी झाक काठाकडून निळी होत गेली. मिनिटभर लागलं असेल. तो मोबाईलमध्ये शूटिंग करायचं विसरला.

मॅडमना नंबर झाकून दिल्या. त्यांचे आकडे १५, १६, १५. प्रोग्रॅमचे १४, २४, १५.

रुग्णांच्या रिपोर्टचं काय, हे कुणीही विचारेल. रिपोर्ट मॅडमच्या मोजणीवरच गेलेत, प्रोग्रॅम फक्त अभ्यासापुरता होता. पण त्या दिवशी संध्याकाळी मॅडम बराच वेळ २४वर बोट ठेवून बसल्या होत्या. १५ आणि २४मध्ये एखाद्या बाईची केमो बसते.

मग वाद झाला. मुलाचं म्हणणं, सोडा-बिडा कशाला, हे सॉफ्टवेअरमध्ये सोडवू. क्यूपाथमध्ये सोय आहे, प्रत्येक बॅचच्या काचेवर एक चौकोन काढायचा, तिथून प्रोग्रॅम दोन्ही रंगांची प्रमाणं नव्याने शोधतो. रंग एकसारखे करून घ्यायच्या पद्धती निघाल्यात, मासेंको यांची २००९पासून आहे. हा रोग आपलाच नाही, एका हॉस्पिटलच्या काचांवर शिकलेला प्रोग्रॅम दुसऱ्या हॉस्पिटलच्या रंगाला बुचकळ्यात पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने करून दाखवलं, आणि खरंच, तेरातले अकरा रेषेवर आले.

अकरा. मी उरलेल्या दोघांबद्दल विचारलं. त्या दोन काचांवर तांबडं आणि तपकिरी इतकं जवळ आलं होतं की वेगळं काढायला प्रोग्रॅमला काही उरलंच नव्हतं. मी त्या तेराही काचा मागून घेतल्या, दोन दिवस झायलीन या द्रावणात ठेवून कव्हरस्लिप, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ काचा, सोडवल्या, अल्कोहोलमधून पाण्यात आणल्या, सोड्यात निळ्या केल्या आणि परत डीपीएक्स, म्हणजे काच चिकटवायचं डिंकासारखं द्रव, लावून बंद केल्या. तेराच्या तेरा रेषेवर. नळावर बिघडलेलं नळावर दुरुस्त होतं, एवढंच माझं म्हणणं होतं. मुलगा म्हणाला, काकू, तुम्ही प्रत्येक लॅबमध्ये नसणार ना. हेही खरं.

मॅडम मधल्यामध्ये एकदम २०१६च्या स्पर्धेवर घसरल्या. कॅमेलिऑन म्हणून, नेदरलँड्समधली. गाठींच्या जवळच्या लिम्फ नोडमध्ये कॅन्सर पसरलाय का हे प्रोग्रॅमनी शोधायचं. सर्वांत चांगला प्रोग्रॅम अकरा पॅथॉलॉजिस्टना भारी पडला असं छापून आलं. ‘पण त्या अकरांना १२९ काचांना दोन तास दिले होते!’ मॅडमचा आवाज चढला. ‘काचेला मिनिटसुद्धा नाही! एकीने तीस तास घेऊन सावकाश पाहिल्या तर तीही त्याच्या बरोबरीला आली.’ एकीने की एकाने ते मला माहीत नाही, मॅडमच्या गोष्टीत ती बाईच असते.

पेपरचा मसुदा मुलाने मला वाचून दाखवला. स्कॅनरचं मॉडेल, ठिपक्याचं माप, प्रोग्रॅमची आवृत्ती, रेष कुठे धरली, सगळं दोन पानं भरून. आणि माझ्या बावीस वर्षांचं एक वाक्य, ‘स्लाइड्स नेहमीच्या पद्धतीने रंगवण्यात आल्या.’ मी म्हटलं, कुठल्या नेहमीच्या? बुधवारच्या की गुरुवारच्या? त्याने लाजून तिथे चार ओळी घातल्या, पाणी कुठलं, पीएच किती, किती मिनिटं. चौथी ओळ मी सांगितली तशीच्या तशी.

आता लॅबमध्ये वॉश बेसिनखाली दोन पांढरे कॅन आहेत, वर मार्करने ‘नळ – ब्लूइंग, पिऊ नये’. शिवाय सोड्याची बरणी, घरची. सोडा संपत आला की मी दुकानदाराकडून अर्धा किलो घेते. त्याला वाटतं मी ढोकळ्याची ऑर्डर घेते.

आणि गुरुवारी पाणी जाणार असलं की बुधवारी रात्री साडेनऊच्या सुमारास बार्शीहून आलेल्या त्या पोराचा मेसेज येतो, मध्ये एकही स्वल्पविराम नसलेला: काकू उद्या पाणी नाही कॅन भरले का.